नंबर नसलेला गेम

गेमच्या नावापुढे आकडा दिसला की ओमप्रकाशच्या डोक्यात तिडीक जाते. मग तो आकडा दोन असो, सात असो, नाहीतर गेल्या वर्षीचं पुसून यंदाचं टाकलेलं साल असो. डबी हातात आली की तो आधी नाव वाचतो, मग नावाच्या शेपटाकडे बघतो. तिथे आकडा सापडला की डबी ज्याची त्याला परत. ‘कालची भाजी आज फोडणी देऊन वाढतात लेकाचे,’ एवढं पुटपुटून तो पुन्हा काउंटरमागच्या खुर्चीत बसतो.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात आता ओमप्रकाशचं गेम पार्लर आहे. भिंतीला टीव्ही, त्यांच्यासमोर रेक्झिनचे सोफे, कोपऱ्यात थंड्याचा फ्रिज आणि टीव्हीखाली एक्सबॉक्स, ज्याला इथली पोरं ‘काळा डबा’ म्हणतात. दारावर त्याने स्वतः मजकूर सांगून रंगवून घेतलेला बोर्ड आहे: ‘इथे जुन्याचं नवं करून मिळणार नाही.’ नव्याने राहायला आलेल्या लोकांना त्यातून काही बोध होत नाही. एक बाई तर गादी पिंजणारा इथून कुठे गेला, म्हणून विचारून गेली.

हा बोर्ड खरं तर तिच्यासाठी नव्हताच. तो होता रस्त्याच्या पलीकडच्या भूपेंद्रसाठी. भूपेंद्रच्या दारावरचा बोर्ड सरळ आहे: ‘भूपेंद्र गेमिंग. सगळे भाग मिळतील.’ त्याच्याकडे प्लेस्टेशन, म्हणजे पांढरा डबा. फुटबॉलचा दरवर्षी येणारा, गाड्यांचा, कुस्तीचा, बंदुकांचा, सगळ्यांचे सगळे भाग तो आणतो, आणि शाळा सुटल्या की सायकलींचा ढीग त्याच्या दारात लागतो. ओमप्रकाशच्या दारात तीन-चार सायकली असतात. पण त्या तीन-चार सायकलींवरून येणारी गिऱ्हाइकं काहीतरी वेगळं खेळायला मिळावं म्हणून येतात, याचं त्याला मनापासून सुख आहे. दुपारी पंखा फिरतोय, आई शेजारी बसून शेंगा सोलतेय आणि पडद्यावर कोणी कधी न पाहिलेलं काहीतरी चाललंय, यापेक्षा जास्त त्याला आयुष्याकडून काही नको होतं. भूपेंद्रशी तो तीन वर्षं बोलला नव्हता, एवढं एक सोडलं तर.

दोन्ही डब्यांच्या कंपन्या वर्षातून एकदा पुढे येणारे गेम दाखवतात, तेव्हा या रस्त्याला जत्रेची कळा येते. दोन्ही दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दोन्हीकडे तोच कार्यक्रम मोठ्या आवाजात लागतो. पडद्यावर अगदी नवं नाव झळकलं की ओमप्रकाश मांडीवर थाप मारतो, आणि आकडेवालं झळकलं की पलीकडून शिट्ट्या येतात. नवं जास्त काळ्या डब्याकडे की पांढऱ्या डब्याकडे, यावर पोरं पोह्यांवरची झणझणीत तर्री थंड होईपर्यंत भांडतात. मालक दोघेही आपापल्या दारात उभे असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत.

आकड्यांवरचा हा राग जुना आहे. ओमप्रकाश शाळेत असताना वडिलांनी दिवाळीला टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. सोबत पिवळी कॅसेट, आणि तिच्यावर छापलेलं: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. त्या रात्री ओमप्रकाशला आनंदाने झोप लागली नाही. सकाळपासून तो एकेक नंबर लावत सुटला. पहिले काही गेम झाले आणि मग पुन्हा तेच रणगाडे आले, फक्त भिंतींचा रंग बदललेला. पुन्हा तीच उड्या मारणारी बाहुली, फक्त पायात जोडे वेगळे. दिवाळीची अख्खी सुट्टी तो खालीखाली जात राहिला. पुढे कुठेतरी नवीन निघेल, असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. ते निघालंच नाही, आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो उशीत तोंड खुपसून रडला.

त्याचा शेजारी आणि वर्गमित्र भूपेंद्र त्या वेळी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला होता, आणि तो मात्र खूश होता. ‘अबे, रंग बदलला म्हणजे मजाच हाय ना! जिथं मरत होतो तिथं आता मरत नाई,’ असं त्याचं म्हणणं. दोन पोरांनी एकच कॅसेट लावली आणि एकाला फसवणूक दिसली, दुसऱ्याला ओळखीची सोबत. पुढचं सगळं त्यातच आलं.

तरीही मोठेपणी दोघांनी मिळूनच पार्लर काढलं. आता जिथे भूपेंद्रचं आहे, त्याच गाळ्यात. ओमप्रकाश काउंटर सांभाळायचा, बोलायला गोड, खेळायला मात्र ठार अडाणी. त्याची बोटं त्या बटणांवर लोण्यात फसल्यासारखी चालायची. भूपेंद्रचा हात साफ होता. दुपारी दुकान रिकामं असलं की ओमप्रकाशची आई, कौशल्याबाई, सूप घेऊन तिथे येऊन बसायची. गहू निवडता निवडता ती भूपेंद्रला खेळवायची. हो, खेळवायचीच. बटणं त्याची, डोळे तिचे.

त्या दोघांचा एक गेम ठरलेला होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला ‘डोंगेवाली’ म्हणत. एक तरुण बाई डोंगा वल्हवत नदीनदीने आपल्या हरवलेल्या भावाला शोधत जाते, अशी त्याची गोष्ट. कौशल्याबाईचं माहेर वर्धा नदीच्या काठचं. पाणी कुठे ओढतं आणि कुठे थबकतं, हे तिला बघताक्षणी कळायचं. ‘डावीकडं नोको जाऊ, तिथं भोवरा हाय,’ असं ती सांगायची आणि भूपेंद्र ‘हो काकू’ म्हणून डोंगा वळवायचा. त्या दोघांकडे पाठ करून ओमप्रकाश बाटल्या मोजत बसायचा. त्या गेममध्ये त्याने कधी डोकं घातलं नाही, आणि आईला त्यात एवढं काय दिसतं, हेही कधी विचारलं नाही.

भांडण झालं ते नवीन गेम घेण्यावरून. भूपेंद्रला डोंगेवालीचा दुसरा भाग हवा होता. ओमप्रकाशला कोणीच न ऐकलेला एक गेम हवा होता. एकच घेण्याची ऐपत होती. शब्दाने शब्द वाढला.

‘तुले नवीन काही पचतच नाई बे,’ ओमप्रकाश ओरडला.

‘आन् तुले जुनं काही टिकवताच येत नाई,’ भूपेंद्र म्हणाला. तो ओरडला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

आठवड्याच्या आत वाटणी झाली. फ्रिज आणि सोफे ओमप्रकाशकडे आले, जुनी मशीन आणि तिच्यावरचे सगळे गेम पलीकडेच राहिले. कौशल्याबाई लेकासोबत रस्ता ओलांडून अलीकडे आली. तिचा डोंगा कुठपर्यंत पोचला होता, हे कोणी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. लेकाचं भांडण म्हणजे आपलं भांडण, असं मानणाऱ्यांतली ती बाई.

यंदा श्रावणात ओमप्रकाशने ‘राखगाव’ आणला. हेही नाव पोरांनीच पाडलेलं. ज्वालामुखीच्या राखेने भरलेलं एक गाव, त्यात एकटी राहणारी एक म्हातारी, आणि ती रोज थोडी थोडी राख बाजूला करून एकेक घर मोकळं करते. नाव नवं, आकडा नाही, बंदूक नाही, पाठलाग नाही. ओमप्रकाश हरखून गेला. आधी काही वाचलं की मजा जाते, म्हणून तो कुठल्याच गेमबद्दल आधी वाचत नसे, याबद्दलही वाचलं नव्हतं. आल्यागेल्याला तो धरून सांगायचा, ‘असा गेम आजवर झाला नाई. याले म्हनतात डोकं चालवनं.’ पलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायचा, हे वेगळं सांगायला नको.

राखगाव सगळ्यांत चांगला खेळायची ती चंचल. केळझरजवळच्या खेड्यातली मुलगी, नर्सिंगच्या कॉलेजला वर्ध्यात येते आणि परतीची बस लागेपर्यंत इथे बसते. पोळा चार दिवसांवर आला होता. त्या दुपारी पडद्यावरची म्हातारी एका घरातली राख उपसत होती, आणि कौशल्याबाई बाजूला शेंगा सोलत होती. अचानक तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘चंचल, थांब थोडी. तिचा हात दाखव मले.’

चंचलने म्हातारीला उजेडात आणून फिरवलं. मनगटात पितळी कडं होतं, एका ठिकाणी चेपलेलं.

‘हे तर भावाचं कडं हाय,’ कौशल्याबाई म्हणाली. ‘अन् ही तीच हाय. डोंगेवाली. म्हातारी झाली बिचारी. पाय पाह्य ना कशी टाकते, डोंग्यात उभं राह्यल्यासारखी.’

‘काहीतरीच काय, माय,’ ओमप्रकाश काउंटरवरून हसला. ‘हा एकदम नवा गेम हाय.’

चंचलने मोबाइल काढला, दोन ओळी वाचल्या आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. डोंगेवालीच्या गोष्टीचा हा शेवटला, तिसरा भाग होता. कंपनीने या वेळी नाव बदललं होतं आणि आकडा गाळला होता, एवढंच.

ओमप्रकाशच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पुन्हा नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव! ज्या आकड्याला तो दारात उभं करत नव्हता, तो वेष बदलून घरात येऊन बसला होता, आणि ओमप्रकाशने त्याची आरती केली होती. हे पलीकडे कळलं तर बोर्डासकट त्याची पिपरी मेघेभर वरात निघाली असती.

‘चंचल, बाई माझी, हे कोनाले सांगू नोको,’ तो म्हणाला.

चंचल ओढणी तोंडाला लावून हसत होती. ‘नाई सांगत, ओमभाऊ. पन गेम चांगलाच हाय ना? कालपर्यंत होता तेवढाच हाय.’

ओमप्रकाशने तो मोबाइल हाताने बाजूला सारला. पण कौशल्याबाईला ना बोर्डाचं पडलं होतं, ना वरातीचं. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

‘कडं भावाच्या हातात होतं,’ ती म्हणाली. ‘हिच्या हातात कसं आलं? भावाचं काय झालं रे?’

‘मले काय माहीत, माय? पाहतो मी मोबाइलवर. कोनीतरी खेळलेला व्हिडिओ असंल.’

‘दुसऱ्यानं खेळलेलं नाई पाह्यचं मले. त्यात मी सांगतलेलं कोनी ऐकते काय?’

पहिला भाग जुन्या मशीनवरच चालतो, आणि जुनी मशीन रस्त्याच्या पलीकडे. दोघांनाही ते ठाऊक होतं. ओमप्रकाशने विषय बदलला. आईने बदललेला विषय ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची फिरवून, टीव्हीकडे पाठ करून बसू लागली. पुढचं पाहायचं नाही म्हणे, मागचं कळल्याशिवाय. चिडली नव्हती. जेवायला वाढायची, चहा करायची, हसून बोलायची. फक्त राखगाव लागला की पाठ. त्या पाठीकडे बघत दुकानात बसणं ओमप्रकाशला जड जाऊ लागलं. तीन वर्षं ती अशीच मनातल्या मनात पाठ फिरवून बसली असेल आणि आपल्याला पत्ताच नाही, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

पोळ्याच्या दिवशी तरीही त्याने बाजू लावून धरली. ‘माय, तुले समजत नाई. एकदा गोष्ट झाली की झाली. तीच तीच कितीदा सांगाची? मी त्याच्या दारात जाऊन काय म्हनू, का चुकलो?’

कौशल्याबाई माळ्यावरून काढलेला लाकडी नंदी पुसत होती. ओमप्रकाश लहानपणी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, दारोदार न्यायचा तो नंदी. एक शिंग डिंकाने चिकटवलेलं, चाकं तीनदा बदललेली, अंगावर रंगावर रंग चढलेले.

‘हा घेऊन तू तान्ह्या पोळ्यात किती वर्षं गेलता?’ तिने विचारलं.

‘दरवर्षी.’

‘दरवर्षी तोच. फक्त रंग नवा. एखाद्या तरी घरानं म्हटलं का तुले, की हा मागच्या सालचाच बैल हाय, तुले बोजारा भेटनार नाई?’

ओमप्रकाश नंदीचं चिकटवलेलं शिंग चाचपू लागला.

‘उलट वाट पाहत लोकं. भुप्याची माय तर म्हने, आला माह्या ओळखीचा नंदी, अन् मुठीनं चिल्लर दे. तवा बरा गोड लागला जुना बैल!’

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला सकाळपासून रस्त्याने पोरं निघाली. दोरीला बांधलेले नंदी, कोणाचा हाताएवढा, कोणाचा पोराहून उंच. दारोदार बोजारा मिळत होता, कुठे पैसे, कुठे खाऊ. ओमप्रकाशने येणाऱ्या प्रत्येक नंदीला कुंकू लावून पोरांना थंडा पाजला. दुपार झाली, गर्दी ओसरली. त्याने शर्ट बदलला, फ्रिजवर ठेवलेला गोरसपाक बिस्किटांचा पुडा उचलला आणि आईची प्लास्टिकची खुर्ची काखेत मारली.

‘चाल, माय.’

‘कुठं?’

‘डोंग्यात.’

कौशल्याबाईने पदर सारखा केला आणि ती उठली. रस्ता जेमतेम पंचवीस पावलांचा. ओमप्रकाशने वाटेत दोनदा खुर्ची या काखेतून त्या काखेत घेतली. भूपेंद्र दारातच उभा होता, एका पोराच्या नंदीचं चाक बसवून देत. त्याने मान वर केली. आधी काकूला पाहिलं, मग खुर्चीला, मग सगळ्यांत शेवटी ओमप्रकाशला.

ओमप्रकाशने घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते तो विसरला. ‘तो राखगाव तिसरा भाग निघाला,’ तो एका दमात म्हणाला. ‘आता हास पोटभर.’

‘माहीत हाय मले,’ भूपेंद्र म्हणाला. ‘तू आनला त्याच दिवशी माहीत होतं.’

‘मंग बोंबलला काऊन नाई गावभर?’

भूपेंद्रने चाकात खिळा ठोकला, पोराला नंदी दिला, हात पुसले. ‘तुह्यासंग भांडन माह्यं हाय. लोकाईले काऊन हासू देऊ?’

 ओमप्रकाशने पुडा पुढे केला, भूपेंद्रने तो घेतला आणि काकूच्या पाया पडला. ‘या काकू. बसा. जागा हायच तुमची.’ कोपऱ्यातली जुनी मशीन त्याने कापडाने पुसून लावली. बराच वेळ ती घरघरली आणि मग पडद्यावर डोंगा आला.

खाली नावं होती. प्रत्येकाने आपला खेळ जिथे सोडला, तिथे आपल्या नावाने ठेवलेला. गल्लीतल्या पोरांची नावं, नवी नवी, कारण जागा भरली की जुन्यांचे खेळ पुसावे लागतात. सगळ्यांत वर मात्र तीन वर्षांपूर्वीचा एकच खेळ होता. नाव होतं: काकू.

ओमप्रकाश त्या नावाकडे बघतच राहिला. ‘हे पुसलं नाई तू?’

‘कसं पुसू? काकू इथवर आलत्या.’

‘पन पुढं खेळून पाह्यचं तरी. तुले माहीत करून घ्यावं नाई वाटलं, भावाचं काय झालं ते?’

‘लई वाटलं,’ भूपेंद्र म्हणाला. ‘दुसऱ्या भागालेही हात नाई लावला मी. पोरं खेळाले लागली की बाहेर येऊन उभा राह्यतो. काकूले इथं सोडून एकटाच पुढं कसा जाऊ बे?’

कौशल्याबाईने डोळ्यांना पदर लावला, पण फार वेळ नाही, कारण डोंगा प्रवाहाला लागला होता. ‘भुप्या, उजवीकडं घे. पानी तिकडं थांबून राह्यलं, तिकडं घाट असंल.’

‘हो काकू.’

पोरं भूपेंद्रच्या नव्या सोफ्यांमागे येऊन उभी राहिली. कोणी फुटबॉलचा आग्रह धरला नाही. ओमप्रकाश आधी काउंटरला टेकून उभा होता, मग सोफ्याच्या हातावर बसला, मग नकळत घसरत भूपेंद्रच्या शेजारी आला, मांडीला मांडी लावून. आयुष्यात पहिल्यांदा तो हा गेम बघत होता. डोंगा धुक्यातून गेला, भोवऱ्यातून निसटला. एकदा आईने चुकीचं सांगितलं आणि डोंगा उलटला, तेव्हा ती स्वतःच हसली. शेवटी पलीकडचा काठ आला. डोंगेवाली उडी मारून उतरली आणि धावत पायऱ्या चढली. वरच्या पायरीवर पितळी कडं पडलं होतं, एका ठिकाणी चेपलेलं. आणि पुढे ओल्या पावलांचे ठसे रानात गेले होते.

पडदा काळा झाला. नावं वर सरकू लागली.

 कौशल्याबाई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. भूपेंद्र हातातलं रिमोट खाली ठेवावं की नाही, या विचारात होता.

‘झालं?’ ओमप्रकाश म्हणाला. ‘इथंच संपवला? भाऊ जिता हाय ना पन! पावलं गेली ना पुढं!’ तो उठून उभा राहिला होता आणि त्याचं त्यालाच भान नव्हतं. ‘भुप्या, पाह्यतो काय असा? दुसरा भाग लाव.’

मागे पोरांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. भूपेंद्र हसला नाही. तो फळीकडे गेला, डबी काढली, तिच्यावरचा मोठा थोरला दोनचा आकडा बोटांनी झाकला आणि ती ओमप्रकाशच्या हातात दिली.

ओमप्रकाशने त्याची बोटं बाजूला केली, आकडा नीट पाहिला आणि डबी स्वतःच्या हाताने उघडली.